वर्षातला आवडता फोटो गावाच्या दप्तरी लावा

डिसेंबर सरत आला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या गावागावांत हिशेब सुरू होतात. ऊस किती टन गेला, पहिली उचल किती हातात पडली, दिवाळीला दूध संस्थेचा फरक किती आला, सोसायटीचे देणे अजून किती राहिले. पारावर, डेअरीच्या कट्ट्यावर, सलूनच्या बाकड्यावर हेच बोलणे. अलीकडे या बोलण्यात आणखी एका विषयाची भर पडली आहे. वर्षभरात काढलेल्या फोटोंपैकी ज्याचा त्याचा आवडता फोटो कोणता? एकजण मोबाईल पुढे करतो, "ह्यो बघ, आवंदाचा माझा एक नंबर फोटो." दुसरा म्हणतो, "ह्यात काय हाय मर्दा? माझा बघ की." आणि मोबाईल या हातातून त्या हातात फिरत राहतो.

हे फोटो काढणारे कोण? धंदेवाईक फोटोग्राफर नव्हेत. कुणी प्राथमिक शाळेतला मास्तर, कुणी दूध संस्थेचा सचिव, कुणी ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, कुणी एस.टी.ने कॉलेजला जाणारी पोरगी. थोड्यांच्या गळ्यात चांगला कॅमेरा असतो, बाकीच्यांचे काम मोबाईलवर भागते. यातले काही फोटो खरोखर नाव घेण्यासारखे असतात. पण त्यांचे पुढे होते काय? स्टेटसला लावलेला फोटो चोवीस तासांत पुसला जातो. ग्रुपवर टाकलेला शुभेच्छांच्या ढिगाऱ्याखाली जातो. मोबाईल विहिरीत पडला किंवा बदलला, की वर्षाचे वर्ष गायब!

गावाला हे परवडणारे नाही. कारण हौसेने काढलेल्या या फोटोंत गावाच्या उपयोगाचे पुष्कळ काही असते. ओढ्याच्या पुलावर पाणी कुठवर आले, पहिली लावण कधी झाली, कुठल्या झाडावर कुठले पाखरू आले, हे सारे त्यात आपसूक नोंदले जाते. ही नोंद जपायची असेल तर हौशी लोकांनी वर्षातून एकदा आपले आवडते फोटो गावासमोर मांडावेत, त्याखाली चार ओळी लिहाव्यात आणि एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी. काम लहान आहे, खर्च थोडा आहे, उपयोग मात्र पिढ्यांचा आहे.

हौस आजची नव्हे

छायाचित्रे काढून एकमेकांना दाखवण्याची हौस मोबाईलबरोबर आली, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. १९ ऑगस्ट १८३९ रोजी फ्रान्समध्ये दागेर यांची छायाचित्रणाची रीत जाहीर करून सर्वांसाठी खुली करण्यात आली. म्हणूनच १९ ऑगस्ट हा जागतिक छायाचित्रण दिन मानतात. त्यानंतर पंधराच वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' ही संस्था निघाली. तिच्यात पोटासाठी फोटो काढणारे थोडे आणि हौशी जास्त. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे पेशाने डॉक्टर, पण छायाचित्रणाच्या नादापायी तेही या संस्थेत होते. एकत्र जमावे, काढलेली छायाचित्रे मांडावीत, कोणाची का चांगली झाली यावर बोलावे, असा या मंडळींचा परिपाठ होता. आज डेअरीच्या कट्ट्यावर जे चालते त्याचे मूळ असे पावणेदोनशे वर्षांच्या घरातले आहे.

कोल्हापूरला तर कॅमेऱ्याचे नाते सांगायलाच नको. बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) आणि त्यांचे नात्यातले बंधू आनंदराव हे दोघे चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. विलायती कॅमेरा विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून या मंडळींनी घरचा कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव १९१६ साली गेले, पण बाबूरावांनी दामलेमामांच्या साथीने तो पुरा केला. त्यावर १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. पुढे १९२५ साली 'सावकारी पाश' निघाला. त्यात शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि त्याला गाव सोडून शहरातल्या गिरणीची वाट धरावी लागते. देवादिकांच्या कथा पडद्यावर चालत होत्या त्या काळात कोल्हापूरच्या माणसाने कॅमेरा शेतकऱ्याच्या झोपडीकडे वळवला, ही गोष्ट आजच्या हौशी मंडळींनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्यानंतरचा काळ वयस्कर वाचकांना आठवत असेल. तालुक्याच्या गावी एखादा फोटो स्टुडिओ, मागे डोंगर-तळ्याचा रंगवलेला पडदा. गावात एखाद्याकडे 'क्लिक थ्री' कॅमेरा, त्याच्या एका रोळात बाराच फोटो. पुढे 'हॉट शॉट' आले, छत्तीस फोटोंचे रोळ आले. तरीही एक फोटो वाया गेला की जीव तुटायचा. त्यामुळे माणूस बटण दाबण्याआधी दहादा विचार करी. आज दिवसाला शंभर फोटो निघतात, पैसा लागत नाही, आणि म्हणूनच त्यातला कुठला ठेवायचा हे ठरवणे अवघड झाले आहे. वर्षाचा एक आवडता फोटो निवडण्याचा खटाटोप त्यासाठीच चांगला. शंभरातून एक निवडताना माणूस आपल्याच वर्षाकडे नीट बघायला लागतो.

बारा महिन्यांची बारा चित्रे

फोटोला विषय शोधत लांब जायला नको, असा आपला जिल्हा आहे. वर्षाची सुरुवातच किरणोत्सवाने होते. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणे अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतात. उजेडाचे गणित बांधणाऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी किती बारकाईने केले होते, हे त्या काही मिनिटांत कळते. फोटो शिकणाऱ्याला याहून मोठा धडा नाही, कारण फोटो म्हणजे शेवटी उजेडाचाच खेळ.

त्याच दिवसांत उसाचा हंगाम भरात असतो. पहाटे फडाकडे निघालेल्या गाड्या, कोयत्याचे हात, माथ्यावर मोळी घेतलेल्या बाया, कारखान्याच्या वाटेवरच्या ट्रॅक्टरच्या रांगा. गुऱ्हाळावर गेले तर काहिलीतून उसळणारी वाफ, चुलवाणातला जाळ आणि रस कधी उतरवायचा हे नुसत्या नजरेने ओळखणारा गुळव्या. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण गुऱ्हाळे मात्र वर्षागणिक कमी होत चालली आहेत. ज्याच्या गावात अजून एखादे चालू आहे, त्याने यंदाच त्याचा फोटो काढून ठेवावा. पुढच्या साली तिथे नुसते चुलवाणाचे भगदाड दिसण्याची शक्यता आहे. वाफेचा फोटो काढताना सूर्य बाजूला ठेवावा, म्हणजे वाफ उजळून दिसते, एवढी एक युक्ती इथे सांगण्यासारखी.

चैत्रात वाडी रत्नागिरीच्या जोतिबाची यात्रा. गुलालाने न्हालेला डोंगर आणि आभाळाला भिडणाऱ्या सासनकाठ्या. हा फोटो हजारोंनी काढलेला असतो. पण आपल्या गावची सासनकाठी कुणी खांद्यावर घेतली, ती गावातून कुठल्या वाटेने निघाली, हा फोटो दुसरे कोण काढणार? तो गावच्याच माणसाने काढायचा आणि गावानेच ठेवायचा.

मृगाच्या आगेमागे बेंदूर. आपल्याकडे कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात आणि महाराष्ट्रीय बेंदूर आषाढात. शिंगे रंगवलेली, झूल चढवलेली जोडी दारात उभी राहिली की घरातले झाडून सारे फोटोसाठी येतात. दहा वर्षांचे बेंदराचे फोटो एका ओळीत लावले तर गावात बैल किती होते, किती राहिले, याचा कागद न लिहिताच तयार होतो. शर्यतींचेही तसेच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानंतर बंद पडलेल्या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि २०२३ साली त्यावर शिक्कामोर्तब झाले. मधल्या वर्षांचे अल्बम चाळले तर शर्यतीचे पान कोरे दिसेल. ते कोरे पान हीसुद्धा नोंदच.

आषाढ-श्रावणात गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरीकडे भाताची रोप लावण चालते. पूर्वीच्या फोटोत बायकांच्या डोक्यावर इरली दिसायची, आता प्लास्टिकचे कागद आणि रेनकोट दिसतात. इरले विणणारा माणूस पंचक्रोशीत उरला असेल तर त्याचा, त्याच्या हातांचा आणि त्याच्या अवजारांचा फोटो हाच त्या गावाचा वर्षाचा फोटो होय.

भादव्यात मसाई पठार फुलांनी भरते. दसऱ्याच्या पुढे-मागे हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडाऱ्याच्या पिवळ्या ढगात फरांडेबाबांची भाकणूक ऐकायला लोटलेली धनगर समाजाची गर्दी टिपायला लांबलांबून छायाचित्रकार येतात. बाहेरचा माणूस तो रंग टिपून जातो. पण त्या माणसांची नावे, त्यांचे वाडे, मेंढरांची चराईची वाट त्याला ठाऊक नसते. ती आपल्याला ठाऊक असते. हौशी गावकऱ्याच्या फोटोचे वजन इथे आहे.

पुराच्या फोटोची किंमत

आता जीवाशी खेळणारा विषय. करवीर, हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांतल्या नदीकाठच्या माणसाला पंचगंगेची पातळी पाठ असते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ही पातळी ५५ फुटांच्याही वर गेली. पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आले, वाहतूक ठप्प झाली, घरेदारे, गोठे, उसाचे फड पाण्याखाली गेले.

२०१९ साली एक गोष्ट फार महागात पडली. कित्येक घरांतले लोक २००५ च्या पुराच्या खुणेवर भरवसा ठेवून बसले. "दोन हजार पाचला पाणी उंबऱ्याला लागलं न्हवतं, आवंदा काय येतंय?" असे म्हणता म्हणता पाणी माळ्याला लागले. जुनी खूण लोकांच्या डोक्यात होती, पण ती खूण नेमकी किती फुटांवर, धरणांतून पाणी किती येत असताना पडली, हे कुठे लिहून ठेवलेले नव्हते. आठवण असते, हिशेब नसतो, आणि नुसती आठवण पुराच्या वेळी दगा देते.

इथे हौशी फोटोवाल्याचे काम मोठे आहे. समजा, गावच्या ओढ्याच्या पुलावर पाणी चढत आहे. कुणीतरी सकाळी आठला सुरक्षित जागेवरून फोटो काढला, कठड्याचा तिसरा खांब पाण्याला लागलेला दिसतो. त्याच वेळी राजाराम बंधाऱ्याची पातळी आकाशवाणीवर किंवा जिल्हा प्रशासनाच्या संदेशात आलेली असते. ती फोटोखाली लिहून ठेवली की झाले. दुसरा फोटो दुपारी, तिसरा संध्याकाळी. असे पाच-सहा फोटो मिळून गावाची स्वतःची पूरपट्टी तयार होते. पुढच्या पावसाळ्यात बंधाऱ्यावर अमुक फूट झाले, की आपल्या पुलावर पाणी येते आणि अमुक फूट झाले की खालच्या आळीत शिरते, हे सरपंचाला आणि पोलीस पाटलाला कागद बघून सांगता येईल. जनावरे कधी सोडायची, म्हातारी माणसे कधी हलवायची, याचा निर्णय वादावादीवर राहणार नाही. अर्थात, आजवर आले त्याहून जास्त पाणी येणारच नाही, असा अर्थ कोणी काढू नये. २००५ च्या खुणेने शिकवलेला धडा तोच आहे. खूण ही हलायची वेळ सांगते, बसून राहायची मुभा देत नाही.

नृसिंहवाडीला दत्त मंदिरात पाणी शिरते तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो. भाविक स्नानाला जातात आणि फोटोही निघतात. दरसाल काढलेल्या त्या फोटोंवर तारीख-वेळ लिहिलेली असेल तर कृष्णा-पंचगंगेच्या पाण्याचा तो एक सुंदर आणि उपयोगी आलेख होईल.

पुराने आणखी एक शिकवले. २०१९ मध्ये घराघरांतले लग्नाचे अल्बम, आजोबांचे कृष्णधवल फोटो, पोरांच्या शाळेचे दाखले चिखलात गेले. पैशाचे नुकसान भरून येते, आज्याचा एकुलता एक फोटो परत येत नाही. नदीकाठच्या घरांनी जुन्या फोटोंचे मोबाईलवर नीट उजेडात फोटो काढून दुसऱ्या गावच्या पाहुण्यांकडे एक प्रत ठेवायला हवी. हे काम पावसाळ्याआधी व्हावे.

सातबाऱ्यावर चढलेला फोटो

फोटो ही रिकाम्या माणसाची हौस, असे म्हणण्याचे दिवस गेले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि सरकारनेच शेतकऱ्याच्या हाती कॅमेरा दिला. आपल्या गटात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा, जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात आणि पीक गाव नमुना बारावर चढते. पूर्वी ही नोंद तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या पाहणीवर असायची. आता ती शेतकऱ्याच्या बोटावर आली. नोंद नसेल तर मदतीच्या वेळी आणि खरेदीच्या वेळी फेऱ्या माराव्या लागतात, हे अनेकांनी अनुभवले आहे. मुदत आणि ॲपचे नियम हंगामागणिक बदलतात, म्हणून ते वेळच्या वेळी विचारून घ्यावेत. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा रानात रेंज नाही, त्याला गावातल्या हौशी पोरांनी हात द्यावा. एक दिवस दहा शेतकऱ्यांची नोंद करून देणारा पोरगा शंभर सूर्यास्तांचे फोटो काढणाऱ्यापेक्षा गावाच्या जास्त कामाचा.

पिकाच्या नुकसानीचेही तसेच. गारपीट, अतिवृष्टी, राधानगरी-भुदरगड-पन्हाळ्याकडे गव्यांनी आणि आजरा-चंदगडाकडे हत्तींनी केलेली नासधूस, या सर्वांत पंचनामा होईपर्यंत शेताची अवस्था बदलून जाते. म्हणून नुकसान दिसताच फोटो काढावेत. एक लांबून, ज्यात शेजारचा बांध, विहीर किंवा खांब दिसेल आणि जागा ओळखू येईल. एक मध्यम अंतरावरून, ज्यात किती भाग आडवा झाला हे कळेल. एक जवळून, ज्यात ताटावरची, कणसावरची खूण किंवा पावलाचा ठसा दिसेल. नुसता जवळचा फोटो काढला तर तो कुणाच्याही रानातला म्हणता येतो. फोटोने पंचनामा टळत नाही, पण पंचनामा करायला आलेल्या माणसाला डोळे मिळतात. पीकविमा आणि भरपाई यांचे नियम चालू हंगामाचे कोणते, हे कृषी खात्याच्या आणि वन खात्याच्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांना विचारून घ्यावे.

तिसरे दप्तर जैवविविधतेचे. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही असते. बऱ्याच ठिकाणी ही वही एकदा लिहून कपाटात गेलेली आहे. गावातले पक्षी, देवराई, जुनी झाडे, देशी वाण यांचे फोटो दरसाल तिच्यात चढवता येतील. आपला भाग साधा नाही. राधानगरी अभयारण्य १९५८ साली दाजीपूर गवा अभयारण्य म्हणून सुरू झाले आणि २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. विशाळगडाच्या परिसरात अलीकडेच कंदीलपुष्पाची नवी जात अभ्यासकांना सापडली आणि तिला शिवरायांच्या नावावरून 'सिरोपेजिया शिवरायीना' हे नाव मिळाले. बांधावरचे अनोळखी फूल उपटून टाकण्याआधी एक फोटो काढला आणि जाणकाराला दाखवला तर कुणी सांगावे, काय हाती लागेल!

फोटोखाली चार ओळी

फोटो कितीही झकास असला तरी खाली काही लिहिलेले नसेल तर वीस वर्षांनी तो मुका होतो. घरातले जुने फोटो बघताना, "ह्यो कोण? आणि ही कुणाची म्हस?" असे विचारावे लागते, तसेच. म्हणून प्रत्येक फोटोखाली पुढील गोष्टी लिहाव्यात :

१) तारीख आणि वेळ. सणाचा फोटो असेल तर तिथीही.

२) जागा. नुसते 'गाव' नको. आळी, पाणंद, शिवाराचे नाव किंवा गट क्रमांक.

३) फोटोत काय चालले आहे. पाणी असेल तर कुठल्या पायरीवर, पीक असेल तर कुठला वाण, किती दिवसांचे.

४) माणसे असतील तर डावीकडून उजवीकडे नावे, त्यांच्या संमतीने.

५) फोटो काढणाऱ्याचे नाव. श्रेय ज्याचे त्याला मिळालेच पाहिजे.

नमुन्यादाखल सांगायचे तर 'सुंदर सकाळ' असे लिहिण्यापेक्षा 'मृगाचा पहिला पाऊस, वरच्या माळाची पाणंद, पेरणीला निघालेली कुरी' असे लिहिलेले शंभरपट कामाचे.

कुठे थांबायचे?

हौसेला लगाम हवा. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडला वस्तीत शिरलेला एक गवा कित्येक तासांच्या धावपळीनंतर मेला. मागे माणसांचा लोंढा, हातात मोबाईल. आपल्याकडे तर गवे रानातून उसात आणि उसातून गावात येतात. गवा दिसला की अंतर ठेवावे, वन खात्याला कळवावे आणि फोटोचा मोह आवरावा. घेरलेला गवा माणसावर उलटतो आणि स्वतःही दगावतो.

पुराच्या पाण्यात उतरून, वाहत्या पुलावर उभे राहून फोटो काढू नये. घरट्यात अंडी-पिल्ले असताना जवळ जाऊ नये. दुर्मिळ पाखराची किंवा वनस्पतीची नेमकी जागा ग्रुपवर टाकू नये. समितीच्या वहीत ती असली म्हणजे पुरे.

माणसांच्या बाबतीतही तारतम्य हवे. ऊसतोड मजुरांच्या कोप्यांसमोर उभे राहून न विचारता फोटो काढणे बरे नव्हे. बीडहून, जतहून पोटासाठी आलेला माणूसही कुणाच्या घरचा कर्ता आहे. दोन शब्द बोलावे, विचारावे, आणि जमल्यास छापलेली एक प्रत त्याच्या हातात द्यावी. हंगाम संपून गावी जाताना ती प्रत तो जपून नेईल. बायाबापड्यांचे आणि लहान मुलांचे फोटो घरच्यांच्या परवानगीशिवाय कुठेही टाकू नयेत.

आणखी एक. दर पावसाळ्यात जुन्या पुराचे फोटो 'आत्ताचे' म्हणून फिरतात आणि नदीकाठी घबराट होते. आता तर संगणकाकडून खोटी चित्रे करून घेणेही पोरखेळ झाला आहे. फोटो कुणी, कुठे, कधी काढला हे सांगता येत नसेल तर पुढे पाठवू नये. गावाच्या मांडणीत तर असा एकही फोटो नको.

मांडणी कशी करावी?

शहरात शाहू स्मारक भवनाच्या दालनात छायाचित्रांची प्रदर्शने भरतात. ती जरूर बघावीत, शिकण्यासारखे पुष्कळ असते. पण गावच्या मांडणीला दालन लागत नाही. ग्रामपंचायतीचा हॉल, शाळेचा व्हरांडा किंवा तालमीची भिंत पुरते. दिवसही ठरलेला आहे. २६ जानेवारीला झेंडावंदन होते, ग्रामसभा असते, गाव जमलेलेच असते. त्या दिवशी फोटो लावावेत.

प्रत्येकाने एकच फोटो द्यावा, वर्षातला सर्वांत आवडता. वीस-पंचवीस फोटो भरपूर झाले. बक्षिसाच्या भानगडीत पडू नये. नंबर आला की भांडण आले आणि भांडणात भाऊबंदकी आली. त्यापेक्षा ज्याचा त्याने उभे राहून दोन मिनिटे सांगावे, हाच का निवडला. बचत गटातल्या बायकांना मुद्दाम बोलवावे. त्यांच्या मोबाईलमध्ये परसबाग, गोठा, चूल आणि पोरांची शाळा असते, आणि हे फोटो पुरुषमंडळींकडे सहसा नसतात. म्हाताऱ्या माणसांना पुढे बसवावे. जुन्या जागांची, माणसांची, विहिरींची नावे तेच सांगू शकतात. कुणीतरी वही घेऊन ती लिहून घ्यावीत.

जपणुकीसाठी तीन गोष्टी पाळाव्यात. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो बारीक होतो आणि त्यातली तारखेची, जागेची माहिती गळून पडते. म्हणून मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा किंवा पेनड्राईव्हवर द्यावा. ग्रामपंचायतीच्या संगणकावर एक आणि शाळेत एक अशा दोन प्रती ठेवाव्यात. निवडक फोटो कागदावर छापून, मागे पेन्सिलीने माहिती लिहून फाईलला लावावेत, आणि ती फाईल कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर ठेवावी. खालच्या फळीवरचे दप्तर पुरात काय होते, हे नदीकाठच्या ग्रामपंचायतींना सांगायची गरज नाही.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी फाईलला नाव द्यावे, साल घालावे आणि ती दप्तराच्या यादीवर घ्यावी. यादीवर आलेली वस्तू बदलीनंतरही गावात राहते. सरपंच बदलतील, सदस्य बदलतील, फाईल बदलणार नाही. पाच वर्षांनी पाच फायली होतील. दहा वर्षांनी एखाद्या पोराला आपल्या गावातल्या विहिरींवर, बैलांवर किंवा पुरावर लिहायचे असेल तर त्याला वणवण करावी लागणार नाही.

तेव्हा हौशी मंडळींनो, मोबाईल उघडा. यंदाच्या वर्षातले फोटो एकदा नीट चाळा. त्यातला एक बाजूला काढा, खाली तारीख, जागा आणि चार शब्द लिहा, आणि २६ जानेवारीच्या आधी ग्रामपंचायतीत नेऊन द्या. आणि गावकारभाऱ्यांनो, तो फोटो घेऊन येणाऱ्याला "हितं काय फोटो लावायचं ऑफिस हाय व्हय?" असे विचारून परत पाठवू नका. कदाचित त्याच फोटोतला पुलाचा तिसरा खांब पुढच्या पावसाळ्यात खालच्या आळीला वेळेत घराबाहेर काढेल.